प्रोसेसर तापतोय? आधी खोलीचं तापमान वजा करा

मे महिन्यात रायपूरचा पारा ४२-४४ अंशांवर जातो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की बूढापाऱ्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या दुपारी भट्टीसारख्या तापतात, आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. याच दिवसांत घरी जोडलेल्या डेस्कटॉपबद्दल विचारणा सुरू होते. प्रोसेसर ९०च्या वर जातोय, गेम मध्येच अडकतो, पंखा सारखा घोंघावतो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा नवा हीटसिंक किंवा लिक्विड कूलर घ्यायचं मनाशी पक्कंही केलेलं असतं. जयस्तंभ चौकातल्या रवी भवनात जायला इथून फार वेळ लागत नाही, त्यामुळे खरेदी पटकन होते आणि तपास राहून जातो. माझा आग्रह आहे की पैसे काढण्याआधी एक वजाबाकी करावी: प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान.

कारण सरळ आहे. हीटसिंक हा काही एसी नाही. तो प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेला देतो, त्यामुळे त्या हवेपेक्षा थंड तो कधीच होऊ शकत नाही. प्रोसेसर ठरावीक वॅट खात असेल आणि पंखा ठरावीक वेगाने फिरत असेल, तर प्रोसेसर हवेपेक्षा जेवढा जास्त तापतो तो फरक साधारण कायम राहतो. समजा तुमच्या मशीनचा हा फरक ४५ अंश आहे. जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना पूर्ण भार दिला, तर प्रोसेसर ६७ दाखवेल. मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की तेच मशीन, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली तीच पेस्ट, तोच पंखा ८५ दाखवेल. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नाही. पण जानेवारीत ४५ असलेला फरक मे महिन्यात ६० झाला असेल, तर मात्र काहीतरी बिघडलंय आणि ते शोधायला हवं. तापलेली चिप थोडी वीज जास्त गळू देते, म्हणून उन्हाळ्यात हा फरक दोन-तीन अंशांनी वाढलेला दिसला तरी काळजी नको.

मोजायचं कसं ते नीट समजून घ्या, कारण चुकीच्या मोजणीवर पुढचा सगळा तपास वाया जातो. घड्याळात किंवा भिंतीवर असतो तसा साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, हवा आत शिरते तिथे, पण मशीनच्या गरम झोतापासून दूर ठेवा. मोबाइलवर दिसणारं ‘रायपूर ४३ अंश’ इथे उपयोगाचं नाही. ते बाहेरचं असतं. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडा, लिनक्सवर टर्मिनलमध्ये सेन्सर्स ही आज्ञा द्या. मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंचची दहा मिनिटांची चाचणी चालवा आणि खोलीच्या तापमानाशेजारी चार आकडे कागदावर उतरवा: प्रोसेसरचं तापमान, तो खात असलेले वॅट, त्याचा वेग आणि पंख्याचे फेरे. वॅटचा आकडा बहुतेकजण बघतच नाहीत, आणि तपासात सर्वांत बोलका आकडा तोच असतो. बायोसच्या पडद्यावर दिसणाऱ्या तापमानावर विसंबू नका. तिथे विंडोजच्या वीज वाचवणाऱ्या सोयी चालू नसतात, म्हणून मोकळं बसलेलं मशीनही तिथे जास्त तापलेलं दिसतं.

आता मर्यादा किती? इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची वरची सीमा १०० अंश आहे. एएमडीच्या रायझन ५ ५६००एक्सची ९५, रायझन ७ ५८००एक्सची ९०, आणि रायझन ७००० मालिकेतल्या ७६००एक्ससारख्या चिपांची ९५. या शेवटच्या मालिकेबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. पूर्ण भाराखाली ९५ला टेकून राहणं आणि तिथे राहून जमेल तेवढा वेग काढणं, अशीच तिची रचना आहे. तिच्यावर ९५ दिसले म्हणून घाबरून पेस्ट बदलत बसू नका. सीमा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि तरीही आवरलं नाही तर मशीन बंद करतो. म्हणजे तुमची चिप जळून जाईल ही भीती बाळगायचं कारण नाही. तुम्ही पैसे मोजून घेतलेला वेग मिळत नाही आणि काम मध्येच तुटतं, हे खरं नुकसान आहे.

आकडे हातात आले की तापमान किती वाढलं यापेक्षा ते कसं वाढलं ते बघा. निम्मा तपास इथेच होतो. चाचणी सुरू करताच दोन-तीन सेकंदांत काटा ४५वरून ९५वर उडाला, आणि वॅट मात्र ५०-६०च असतील, तर प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाहीये. दोष बसवण्यात, पेस्टमध्ये, किंवा लिक्विड कूलर असेल तर त्याच्या पंपात आहे. तापमान आधी ७०वर थांबलं आणि मग दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू ८५-९०पर्यंत चढत गेलं, तर हीटसिंक आपलं काम करतोय, पण कॅबिनेटमधली हवा कोंडतेय. आणि वॅटच १५०-२०० दिसत असतील, तर हीटसिंक किंवा हवा यांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रोसेसरला प्रमाणाबाहेर वीज दिली जातेय, आणि ते बायोसमध्ये सुधारायचं असतं. नव्या चिपांमध्ये लहानशा जागेत खूप उष्णता तयार होते, म्हणून पहिल्या सेकंदाची थोडी उडी सगळ्यांतच दिसते. कमी वॅटवर सीमेपर्यंत उडी मात्र निरोगी मशीन मारत नाही.

पहिल्या प्रकारात, म्हणजे बसवण्याच्या दोषात, मला सर्वांत जास्त वेळा आढळलेलं कारण म्हणजे इंटेलच्या डब्यातून येणाऱ्या हीटसिंकच्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्या. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवून झाल्यावर हीटसिंक लावायला गेलं, की बोर्ड वाकतो, हात घाबरतो आणि एखादी खुंटी अर्धीच आत जाते. वरून बघितलं तर सगळं ठीक दिसतं. कॅबिनेट आडवं करून, टॉर्च लावून चारही खुंट्या बाजूने बघा. नीट बसलेल्या खुंटीचं काळं डोकं पांढऱ्या भागावर पूर्ण टेकलेलं असतं, आणि मदरबोर्डच्या मागे पांढऱ्या पाकळ्या फाकलेल्या दिसतात. न बसलेली खुंटी बोटाने हलते. दाबताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन एकाच वेळी दाबायच्या, ‘टक’ असा आवाज येईपर्यंत, मग उरलेल्या दोन. खुंटीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने फिरवली की ती सुटते, म्हणून बसवताना ती त्या दिशेने फिरलेली नाही ना, हे आधी पाहा.

हीटसिंक काढलात तर पेस्ट पुसायची घाई करू नका. आधी ती वाचा. प्रोसेसरच्या झाकणावर आणि हीटसिंकच्या तळावर पेस्टचा जो ठसा उमटलेला असतो, तो दाब कुठे पडला आणि कुठे नाही हे सांगतो. मधे पातळ, जवळपास पारदर्शक थर आणि कडांना थोडी जाडसर रेघ, हा चांगला ठसा. एका बाजूला पेस्ट चिरडून पातळ झालीय आणि दुसऱ्या बाजूला ती लावली तशीच जाड राहिलीय, तर हीटसिंक तिरका बसलाय. मधला भाग जाड आणि कोरडा, खवले धरलेला, तर पेस्ट वाळलीय. आणि तळावर पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ फिल्म चिकटलेली सापडली, तर सगळा प्रश्न तिथेच सुटला. नव्या हीटसिंकच्या तळाला ही फिल्म संरक्षणासाठी लावलेली असते आणि ती न काढता बसवलेली मशीनं दिसतात. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या एलजीए १७०० सॉकेटवर जुना हीटसिंक वापरत असाल, तर त्याच्यासाठी वेगळी पट्टी लागते. या सॉकेटच्या भोकांमधलं अंतर ७८ मिलिमीटर आहे, आधीच्या एलजीए १२०० वगैरे सॉकेटांचं ७५ होतं, शिवाय प्रोसेसरची उंचीही थोडी कमी आहे. ओढूनताणून जुन्या पट्टीवर बसवलेला हीटसिंक बसलेला दिसतो, पण दाब देत नाही.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनी हीटसिंक काढताना विशेष जपावं. या प्रोसेसरच्या पिना चिपलाच असतात. पेस्ट वाळलेली असेल आणि हीटसिंक सरळ वर ओढला, तर सॉकेट बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी मशीन पाच-दहा मिनिटं भाराखाली चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग मशीन बंद करून, प्लग काढून, हीटसिंक हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सैल करा आणि मगच उचला.

जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारा कपडा किंवा कॉफी फिल्टरचा कागद वापरा. पाणी नको, डेटॉल नको. नवी पेस्ट मधोमध थोडीच ठेवा. मोठ्या आयताकृती झाकणाच्या चिपेवर बारीक एक्स काढला तरी चालतो. पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट चांगली उष्णता नेते, पण तांब्यापेक्षा कितीतरी पट वाईट. तिचं काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म खाचा भरण्यापुरतं आहे, म्हणून जाड थर दिला की ती स्वतःच अडथळा होते.

दुसरा प्रकार हवेचा, आणि रायपुरात तो सर्वांत जास्त जपावा लागतो. उरला आणि सिलतराच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ शहराच्या गच्च्यांवर बसते, हे इथे राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. सकाळी झाडलेल्या गच्चीवर अनवाणी फिरून संध्याकाळी तळवे बघावेत. तीच धूळ कॅबिनेटच्या जाळीत जाते. त्यात भर पडते ती खिडकीतल्या कूलरची. कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून खेचून खोलीत टाकतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो खोली दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो, म्हणून तो बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. प्रोसेसरसाठीही ते दहा अंश मोलाचे आहेत. पण कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका. त्या झोतातली दमट धूळ हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये चिकटून घट्ट होते आणि ब्लोअरच्या फुंकरीने निघत नाही. कूलरचं उडालेलं खारट पाणी बोर्डवर पडलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. कॅबिनेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीपासून थोडं वर ठेवा, आणि समोरची खिडकी किंवा दार किंचित उघडं ठेवा. कोंडलेल्या खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की कूलर थंडावा देईनासा होतो, तेव्हा खोलीचं तापमान पुन्हा मोजा आणि वजाबाकी नव्याने करा.

हवेचाच दोष आहे का, याची खात्री करणारी एक सोपी चाचणी आहे. तीच सिनेबेंच एकदा कॅबिनेटचं बाजूचं झाकण लावून आणि एकदा काढून चालवा. झाकण काढल्यावर तापमान सात-आठ अंशांनी किंवा त्याहून जास्त उतरलं, तर हीटसिंक बदलून काही होणार नाही. हवेचा रस्ता मोकळा करायला हवा. फरक दोन-तीन अंशांचाच असेल, तर कॅबिनेट निर्दोष आहे.

रस्ता मोकळा करताना आधी पुढची जाळी आणि डस्ट फिल्टर काढून धुवा व पूर्ण वाळू द्या. मग हीटसिंक. मशीन बंद, प्लग काढलेला, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज सोडलेली. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा बेफाम फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. धुळीची खरी गादी पंखा आणि हीटसिंक यांच्या मधे, पत्र्यांच्या तोंडावर बसते आणि वरून दिसत नाही. पंखा काढल्याशिवाय ती कळत नाही, म्हणून तो काढाच.

पंख्यांची दिशा बघा. ज्या बाजूला पंख्याचे आडवे दांडे आणि स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, एवढा नियम बहुतेक कॅबिनेटांना पुरतो. पुढे अखंड काच असलेली देखणी कॅबिनेटं आपल्या हवामानात मी कुणालाही सुचवत नाही. त्यांच्या पंख्यांना श्वास घ्यायला कडेची दोन बोटांची फटच मिळते. आणि कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात मशीन ठेवलं असेल, तर त्याला बाहेर काढणं हीच पहिली दुरुस्ती. कप्प्यात तेच गरम वारं फिरून पुन्हा आत येतं, आणि तुमच्या वजाबाकीतलं ‘खोलीचं तापमान’ प्रत्यक्षात ५० झालेलं असतं. जोडीला मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते आपली उष्णता त्याच पेटीत सोडतं. फक्त गेम खेळतानाच प्रोसेसर तापत असेल, तर संशय आधी या कार्डावर घ्या.

लिक्विड कूलर असलेल्यांसाठी थोडक्यात. बायोसमध्ये पंपाचे फेरे दिसतात का बघा. भाराखाली एक नळी गरम आणि रेडिएटर थंडगार राहिला, तर पंप बंद आहे किंवा पाणी फिरत नाही. खळखळ आवाज येत असेल तर हवा पंपात अडकतेय. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असायला हवा.

तिसरा प्रकार विजेचा, आणि तो मनावर घ्यावा. डब्यावर लिहिलेले वॅट आणि प्रोसेसर प्रत्यक्ष खाणारे वॅट यांत बरंच अंतर असतं. इंटेलच्या आय५ १२४००वर ६५ वॅट लिहिलेले असतात, पण टर्बोमध्ये तो ११७पर्यंत जाऊ शकतो. १३७००केवर १२५ लिहिलेले असतात आणि त्याची टर्बोची सीमा २५३ आहे. एएमडीचा १०५ वॅटचा प्रोसेसर १४२पर्यंत, ६५ वॅटचा सहसा ८८पर्यंत जातो. भरीस भर म्हणून पुष्कळ मदरबोर्ड ही सीमाही मुळात काढून टाकलेल्या स्थितीत येतात. बायोसमध्ये इंटेलसाठी पीएल१ आणि पीएल२ या नावाने, एएमडीसाठी इको मोड किंवा पीपीटी या नावाने ही सीमा ठरवता येते. १०५ वॅटच्या रायझनला इको मोडमध्ये ६५ वॅटवर आणलं, की तापमान लक्षणीय उतरतं आणि रोजच्या कामात फरक क्वचितच जाणवतो. रायपूरसारख्या गावात मार्च ते जून अशी एक उन्हाळी सीमा बायोसमध्ये साठवून ठेवावी आणि पाऊस पडला की काढावी, हे मला नवा हीटसिंक घेण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं वाटतं. बायोसमध्ये जायला धजत नसाल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १००वरून ९९ करून पाहा. बऱ्याच मशीनवर एवढ्याने टर्बो बंद होतो आणि तापमान झटकन खाली येतं. वेग जातो, पण दुपारचं काम निभतं.

मोकळं बसलेलं मशीनही तापत असेल, तर टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर कोण वापरतंय ते बघा. फुकट मिळालेल्या ‘क्रॅक’ गेमबरोबर आलेला, चोरून क्रिप्टो खाणकाम करणारा प्रोग्राम हे अगदी खरं कारण असू शकतं. टास्क मॅनेजर उघडताच पंखा शांत होत असेल, तर संशय आणखी पक्का.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर वापरणाऱ्यांनी आणखी एक काम आजच करावं. या चिपांमध्ये प्रमाणाबाहेर व्होल्टेज जाऊन त्या कायमच्या अस्थिर होण्याचा दोष निघाला होता. इंटेलने २०२४च्या ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोड दिला आणि डब्यातून विकलेल्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्या मदरबोर्डचं बायोस त्याआधीचं असेल तर ते अद्ययावत करा.

शेवटी, मशीन अचानक बंद पडतं म्हणजे ते तापलंच असं धरून चालू नका. एचडब्ल्यूइन्फोमध्ये आकडे फाइलमध्ये नोंदवत राहण्याची सोय आहे. ती चालू ठेवा आणि मशीन बंद पडल्यावर शेवटच्या ओळी वाचा. तिथे प्रोसेसर ७५ अंशांवर असताना मशीन गेलेलं दिसलं, तर प्रोसेसर निर्दोष आहे आणि संशय एसएमपीएसवर, दमलेल्या यूपीएसवर किंवा सैल वायरीवर घ्यायचा. शेवटची ओळ ९९-१०० असेल, तर उष्णताच.

हे सगळं करूनही फरक कमी झाला नाही, तेव्हाच हीटसिंक बदलायचा विचार करा. १२० मिलिमीटर पंख्याचा, तांब्याच्या चार नळ्यांचा उभा हीटसिंक घरगुती मशीनला पुरतो. घेण्याआधी कॅबिनेटच्या माहितीपत्रकात हीटसिंकची कमाल उंची बघा, आणि तुमच्या सॉकेटची पट्टी डब्यात आहे ना हे दुकानातच उघडून तपासा. दुकानदाराकडे जाताना तो कागद बरोबर न्या, ज्यावर खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, वॅट, वेग आणि पंख्याचे फेरे लिहिले आहेत. पेस्टच्या ठशाचा मोबाइलवर काढलेला फोटो असेल तर तोही दाखवा.